भोकं पाडलेलं कापड

हॅलो?… हॅलो, लच्छूभाऊ? मी साधना, नागपुरातून बोलून राह्यली. आई आली का दुकानात?… द्या ना तिले.

हॅलो, आई?… हो, झालं ऑपरेशन. झालं, झालं. बाबा शुद्धीवर आहेत. डोळे उघडले, मले पाह्यलं, न् पयले काय इचारलं माहीत आहे? बिडी आहे का म्हणून… हास तू! मले नाई आलं हासू.

नाई वो, पोट नाई फाडलं. बाबाचे फेफडे बिडीनं गेले, त्यायले झेपलं नसतं. जांघेतून कापडाची नळी आत घातली. पोटातली मोठी रक्तनळी फुगली होती ना, फुटाले आली होती, तिच्या आतून बसवली… हो, आता जलमभर आतच.

काय?… हो, त्या कापडाले भोकं पाडले. डॉक्टरनं सोता पाडले… अवो, फाटकं नाई दिलं कोणी! नवं कोरं होतं, सीलबंद. ऐक ना वो… त्याच रक्तनळीतून किडनीचा फाटा निंघते, आतड्याचा निंघते. बिनभोकाचं कापड लावलं तं फाटे बंद नाई का होणार? आपल्या तलावाची पाळ आतून लिपली, न् पाणी सोडाचा तुडुमही लिपून टाकला, तं खालच्या बांधीतल्या धानाले पाणी कुठून?… हां. तसंच.

म्हून आत बाजूच्या टेबलावर दीड घंटा तेच चाललं होतं, सिस्टरनं सांगितलं. पोटाचा फोटो पाहाचा, पट्टीनं मोजाचं, तापलेल्या टोकानं भोक पाडाचं, म्हणजे धागे सुटत नाई. मंग काठाले बारीक तार शिवाची… तार काऊन? आत गेल्यावर भोक कुठी आहे ते मशीनमधी दिसाले पायजे ना.

अन् बाबानं काल काय केलं ऐक. डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं, तं म्हणते, "साहेब, दोन्ही भोकं एकाच उंचीवर काऊन काढले? तुडुमचे भोकं एकाखाली एक रायते"… हो, डॉक्टरले! मले तं लाजच वाटली. पण ते हासले. म्हणाले, बरोबर आहे, खरे फाटेही वर-खालीच आहेत, चित्रच घाईत काढलं.

आई… आता एक सांगू का? घाबरू नोको. बाबाची उजवी किडनी पयलेच सुकली आहे. सारा भार डावीवर. भोक तिच्या तोंडाशी बसलं असं मशीनमधी दिसलं. पण डॉक्टर म्हणते, लघवी आली का समजा, किडनीले रक्त भेटलं. पिशवी लावली आहे… नाई. नाई आली अजून. दोन घंटे झाले.

खोटं काऊन सांगू तुले? मलेही भेव वाटून राह्यलं. आपला सूरज तं पायरीवर बसला आहे, आत याले तयार नाई… नाई आली तं? तं मशीनवर रक्त साफ करा लागन. हप्त्यातून दोनदा, तीनदा. कुरखेड्याहून इथी… नाई ना, बाबा घरी राहू नाई शकणार.

घेतला चहा. तू जेवली का?… भाजी कायची होती?… बोल ना. खोटारडी कुठची!

थांब, थांब. रीता सिस्टर काचेतून हात करून राह्यल्या. फोन नोको ठेवू… काय सिस्टर?… कुठी?… आई! आली वो, आली! पिशवीत आली!… नाई, थेंब नाई, अर्धा पेला असन! अजून येऊन राह्यली!… सूरज, अरे ये इकडे, बाबाले लघवी झाली!

हॅलो?… आई?… हॅलो!… कोण, लच्छूभाऊ? आई कुठी गेली?… रस्त्यावर? काय करून राह्यली?… ओरडून राह्यली? अरे देवा! काय म्हणून?… "लटारूले लघवी झाली"?… असंच? नाव घेऊन?… बाबाचं नाव? आईनं?…

भाऊ, आजवर आमच्यापैकी कोणी तिच्या तोंडून ते ऐकलं नाई… नाई, नाई, नका बलावू. घेऊ द्या.