बसता डाव कुणाचा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या कुस्तीशैलीचे संस्थापक म्हणून आत्ताच ज्यांचा गौरव झाला ते माझे थोरले बंधू, आणि समोर बसलेल्या माझ्या मुलामुलींनो,

निवृत्त होणाऱ्याने आटोपतं घ्यावं, हे मला कळतं. पण प्रास्ताविकात माझी ओळख ‘संस्थापकांच्या भगिनी, चटयांची व्यवस्था पाहणाऱ्या’ अशी झाली, म्हणून थोडं बोलते.

गेल्या शतकात जुजुत्सू या जुन्या जपानी कुस्तीतून ठिकठिकाणी नव्या शैली निघत होत्या. दादाही ती जुनी विद्या शिकून आला. सरावाला जोडीदार नाही, मग आमच्या घरच्या लाँड्रीमागच्या खोलीत मलाच धरायचा. मी काडीपैलवान. त्या डावांना लागणारी ताकद आणू कुठून? एकदा ओढाताणीत खांदा निखळला. बरा झाल्यावर मी ओढणंच सोडलं. त्याने मनगट धरलं, तशी सरळ त्याच्या पायाशी खाली बसले. दादा माझ्या डोक्यावरून थेट धुण्याच्या गाठोड्यांत. उठला आणि म्हणाला, “परत कर.”

त्या बसण्यातून पुढचे सगळे डाव आम्ही दोघांनी मिळून काढले. दादा नसता तर ते त्या खोलीबाहेर आले नसते, हेही खरं.

मध्यंतरी महासंघाचे परीक्षक आपल्या शैलीला मान्यता द्यायला आले. त्यांनी विचारलं, “हा बसता डाव कुणी शोधला?” मी शेजारीच उभी होते.

“मीच,” दादा म्हणाला आणि पट्टा सारखा करत राहिला.

घरी मी विचारलं, “असं का बोललास रे?”

“अगं, घरातलंच तर आहे. बाहेरच्यांच्या एकच नाव लक्षात राहतं.”

“मग माझं का नाही सांगितलंस?”

त्याने पट्टा खुंटीला टांगला. मग म्हणाला, “लोक हसले असते.”

लोकांचं मला ठाऊक नाही. पण हसण्यासारखं त्यालाच वाटत होतं, हे तेव्हा उमगलं. जन्मभर ज्याच्या हातून निर्धास्त पडले, माझी मान तो सांभाळेल म्हणून, त्यानेच ती खाली घालायला लावली. खांदा निखळला तेव्हा एवढं दुखलं नव्हतं.

सोमवारपासून मी रुग्णालयात परिचारिकांना स्वसंरक्षणासाठी हाच बसता डाव शिकवणार आहे. मघाशी दादाने विचारलं, “आजच्या प्रात्यक्षिकात शेवटचं पडशील ना?” उत्तर राहिलं होतं. नाही दादा. आज तू पड.

मंडळाने मानचिन्ह दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर मुलांनो, पोटात घाला. दादाकडे मात्र मी माफी मागत नाही.