जिन्याखालचं पाणी

अपूर्वा : आई, जिन्याखालचे पाण्याचे कॅन कुठे गेले?

आई : मागच्या अंगणात पालथे घातलेत. वाळतायत. का गं?

अपूर्वा : पालथे? आणि त्यातलं पाणी?

आई : ओतलं कुंड्यांना, सकाळीच.

अपूर्वा : सगळं? चारही कॅन?

आई : मग काय! शिळं होतं ते. तूच वर तारीख लिहून चिठ्ठी चिकटवली होतीस की, तीन आठवड्यांपूर्वीची. म्हटलं, पोरगी बाळंतीण, फेकायचं राहून गेलं असेल.

अपूर्वा : अगं आई! ते फेकायचं नव्हतं, ठेवायचं होतं! सहा महिन्यांनी बदलायचं, म्हणून तारीख. स्वच्छ कॅन, घट्ट झाकण, अंधारी जागा, सगळं नीट बघून केलं होतं मी. अडीअडचणीसाठी तीन दिवसांचं पाणी घरात ठेवा म्हणून इथल्या सरकारनं घरोघरी पुस्तिका पाठवलीय.

आई : सहा महिने! पुण्यात नळ आला की कालचं ओतायचं, हंडा घासायचा, ताजं भरायचं. शिळं पाणी कधी दिलं नाही तुला.

अपूर्वा : मग ताजं भरलंस का?

आई : इथं कशाला? तुमच्या या हूफडॉर्प गावात नळाला चोवीस तास पाणी.

अपूर्वा : जा. सोड नळ.

आई : … अगंबाई! थेंब नाही.

अपूर्वा : रस्त्यात पाइप फुटलाय. संध्याकाळपर्यंत पाणी येणार नाही, मेसेज आलाय. आणि बाळाच्या दुधाची वेळ झालीय. पावडर कशात कालवू, सांग!

आई : किटलीत असेल बघ थोडं.

अपूर्वा : तू घासून ठेवलीस.

आई : हो की. बरं, तोवर अंगावर पाज.

अपूर्वा : आत्ताच पाजलं होतं. पुरत नाही आई तिला! रोज तेच ऐकवतेस. आळीव खाल्ले, मेथीचे लाडू खाल्ले, शतावरी झाली. नाही पुरत! मी काय करू?

आई : बरं बाई, चुकलं. नवऱ्याला फोन कर.

अपूर्वा : केला. अंबरीश पाणी घेऊन निघालाय, पण उट्रेख्टच्या ऑफिसातून यायला तास लागेल. तोवर ही रडून रडून निळी पडेल.

आई : ते पातेलं दे इकडे. शेजारच्या बाईंकडे मागते.

अपूर्वा : इथं असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहत नाहीत. आधी मेसेज करतात.

आई : आहे नंबर?

अपूर्वा : नाही.

आई : चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहता आणि नंबर नाही! सरक.

(दार उघडून आदळतं. बाळाचं रडणं. थोड्या वेळानं पुन्हा दार.)

आई : घे. दोन बाटल्या. आधी उकळायला ठेव.

अपूर्वा : दिलं? काय बोललीस तू त्यांच्याशी?

आई : काय बोलणार? पातेलं पुढे केलं आणि ‘बेबी’ म्हटलं. हिचा आवाज जातच होता तिकडे. त्या काय काय विचारत होत्या, मी सगळ्याला ‘येस’ म्हटलं.

अपूर्वा : सगळ्याला? कमाल आहे तुझी! आता त्या कशाकशाला येतील कुणास ठाऊक.

आई : येऊ देत, चहा करू. पण मला एक कळत नाही. मी घरात असताना तुला हा साठा लागतोच कशाला? मी काहीतरी केलंच असतं की.

अपूर्वा : तू असतानासाठी नव्हताच तो.

आई : म्हणजे?

अपूर्वा : रविवारी तुझं विमान. व्हिसा संपतोय, पुढे ढकलताही येत नाही. अंबरीश दिवसभर ऑफिसात. काही झालं तर मी एकटी आणि ही. मला भीती वाटते आई. तिकीट पक्कं झालं त्या दिवशी भरलं होतं ते पाणी.

आई : पाणी उकळलंय, दूध मी कालवते. आण तिला इकडे, मी पाजते. तू जरा पड.