राजीनामा मागायला गेलेली जीप

पेपर हातात आला की तुम्ही अमक्यानं राजीनामा द्यावा, तमक्यानं द्यावा म्हणता. आम्ही एकदा खरंच मागायला गेलो होतो.

आण्याच्या पठारावरचा आमचा पाझर तलाव बांधल्यापासून वर्षाच्या आत फुटला. काम पक्षाच्या तालुकाध्यक्षाच्या मेव्हण्याचं. विहिरी आटल्या. अध्यक्षानं खुर्ची सोडावी, असं गावानं देवळात ठरवलं आणि आम्ही जीप भरून जुन्नरला गेलो.

पक्षाच्या कार्यालयात शिरताच आमच्या सरपंचानं पिशवीतून हार काढला आणि अध्यक्षाच्या गळ्यात घातला. वर नारळ दिला. टाळ्या पडल्या.

मी सरपंचाच्या कानाशी म्हणालो, "अरं, हे काय?"

"पुढाऱ्याच्या दारात मोकळ्या हातानं कसं यायचं, नाना?"

मग मीच उभा राहिलो. "अध्यक्ष, तलाव फुटला. गावाला प्यायला पाणी न्हाई. राजीनामा द्या."

अध्यक्ष चिडला नाही. चहा सांगितला. चहा आल्यावर हार सारखा करत म्हणाला, "नाना, ज्यांचा तलाव फुटला तेच मला हार घालत्यात. मग राजीनामा मागतंय कोण?"

मी मागं वळून पाहिलं. आमची सगळी माणसं बशीत चहा ओतत होती. एकानंही मान वर केली नाही.