अंड्यातलं पिवळं

दवाखान्याच्या बाकावर पुस्तकात तोंड लपवून बसलेल्या लाजाळू म्हाताऱ्याला शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कान बंद कसे करणार?

“अगं, ऐकलंस? डॉक्टर आता म्हणतात, पाकिटातली बिस्किटं बंद करा आणि अख्खं अंडं खा!”

“बदललं वाटतं पुन्हा.”

“मला इतकी वर्षं नुसतं पांढरं वाढलंस. पिवळं कुठं जायचं?”

“टाकवत नव्हतं हो. मीच खायचे.”

“विष म्हणायचीस ना त्याला?”

“म्हणून तर तुम्हाला दिलं नाही!”

म्हाताऱ्याने पुस्तक आणखी वर धरलं.

“उद्यापासून पिवळं माझं.”

“घ्या बाई! मग मी काय खाऊ?”

“माझी बिस्किटं. डबाभर उरलीत.”