अर्धी वेणी

हॅलो?... हां आई... नाही, वॉर्डातच आहे अजून... जेवले... अगं, जेवले म्हटलं ना!... बरं बाई, नाही जेवले. आवाजावरून कसं कळतं गं तुला?

रडत नाहीये... सर्दी झालीये... आई, घड्याळवाले आजोबा गेले.

आज पहाटे. अर्धांगाचा दुसरा झटका आला... हो, तेच, घड्याळं दुरुस्त करायचे ते. उजवा हात लुळा पडला होता ना... हो, ज्यांच्यावरून मी तुझ्यापुढे फुशारक्या मारायचे. 'ग्रुपची लीडर मी, माझे पेशंट सगळ्यांच्या आधी घरी जाणार!'... आठवतंय ना? मलाही तेच आठवतंय सकाळपासून.

काय म्हणतायत बाबा?... त्यांना सांग, मालिश नाही करत मी! ऑक्युपेशनल थेरपी शिकते. माणसाला आपली रोजची कामं परत जमावीत म्हणून... हो, हो... अगं ऐक ना.

मी त्यांच्यासाठी शर्टाची बटणं लावायचा सराव ठरवला होता. मीच ठरवलं, मीच फळ्यावर लिहिलं, मीच सगळ्या ग्रुपला कामाला जुंपलं... त्यांना? त्यांना कोण विचारतंय! एकदा म्हणाले, "पोरी, बटणांचं राहू दे, मला वेणी घालायला शिकव." मी काय म्हणावं? "आजोबा, केस कुठे उरलेत डोक्यावर!"... हो, सगळे हसले. तेसुद्धा.

त्यांच्या बायकोची, आजींची वेणी गं! आजींचा खांदा वर जात नाही, रोज हेच घालून द्यायचे... मला काय माहीत? आज कळलं. आजींकडूनच.

आणि मोठे डॉक्टर बघायला आले, तेव्हा नेमकं शेवटचं बटण अडलं. मी पटकन लावून टाकलं. टाळ्या पडल्या... त्यांनी मान वर केली नाही, आई.

मॅडम? आमच्या प्रमुख गं, तिथेच होत्या. त्या पेशंटसमोर स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसतात ना... हो, नक्कल करून दाखवलेली मी. 'असली कसली प्रमुख, नुसती हातांवर बसून राहते!'... नको ना, तू नको हसूस. पेशंटचं काम करून टाकायला आपले हात आपोआप पुढे धावतात गं, म्हणून दाबून धरायचे असतात. मला वाटायचं, सगळ्यात आधी धावतो तोच लीडर.

आजोबांच्या उशीखाली बुटांच्या नाड्या सापडल्या. तीन, एका टोकाला गाठ मारलेल्या. पुढे अर्धी वेणी... वाकडीतिकडी. पण घातलेली. कुणी न शिकवता...

हां... आहे, आहे... थांब, डोळे पुसते.

सोडणार होते लीडरपद. मॅडमना सांगायलाच गेले. तर म्हणाल्या, "सोड खुशाल. पण आधी बाहेर बाकावर कोण बसलंय ते बघ."

आजी, अजून कोण! लेक खाली गाडी बघायला गेलाय. केस मोकळे सुटलेत, मुठीत रबर बँड धरलाय. तीनदा हात उचलून बघितला, कानाच्या वर जातच नाही... हो ना, मलाही वाटलं, पटकन जाऊन घालून द्यावी वेणी, पाय निघालेच होते... थांब हं, फोन ठेवू नकोस.

आजी?... आजी, मी काय करू? तुम्ही सांगा...

हो... हो, बसते मागे... सैल? आजोबा सैल घालायचे?... बरं. चुकलं तर सांगाल ना?... रागवा की खुशाल.

आई... हो, 'ये' म्हणाल्या... नंतर करते गं फोन. आत्ता दोन्ही हात लागणारेत.