दुसऱ्या बाजूचं म्हणणं

...आणि प्रश्न काय, तर 'मोजे आधी घालावेत की पँट?' अहो, यावर शेकडो लोक सकाळपासून भांडतायत! तुम्हाला सांगतो, आयुष्यभर बातमीदारी केली, भर पत्रकार परिषदेत महापौरांना घाम फोडला, आणि आता निवृत्त होऊन काय करतोय, तर मोबाइलवर मोज्यांचा निकाल वाचतोय!

भाचीनं अडकवलं हो मला. म्हणे, 'मामा, तुम्ही टीव्हीशी भांडता, दूधवाल्याशी भांडता, लिफ्टशीसुद्धा भांडता, त्यापेक्षा इथे भांडा ना!' आणि दिलं मला 'मनमोकळ्या गप्पा' नावाच्या त्या चर्चामंचावर ढकलून. तिथे खरं नाव लावत नाहीत, टोपणनाव घ्यायचं. मी घेतलं 'खमक्या'. बाकीचे कोण, तर 'झोपाळू वाघ', 'उशीचा अभ्रा'... आता मला सांगा, चांगल्या शिकलेल्या माणसानं उशीच्या अभ्र्याशी वाद कसा घालायचा? तरी घातला!

कारण तिथे एकजात सगळं एकतर्फी! कुणी लिहितं, 'साहेब माझ्यावर जळतात.' कुणी लिहितं, 'शेजारी मुद्दाम दार आपटतो.' की लगेच खाली सांत्वनाचा ढीग, 'अरेरे, सोड ती नोकरी', 'बिचारी, बदल ते घर'... अरे, पण त्या साहेबांना कुणी विचारलंत का? त्या शेजाऱ्याला? आमचे पहिले संपादक, बातमी कितीही मोठी आणा, चष्म्यावरून बघत एकच विचारायचे, 'दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतलं का?' नसेल घेतलं, तर कागद थेट टोपलीत! मी तेच सुरू केलं. प्रत्येकाच्या खाली, 'दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतलं का? खुलासा करावा.'

तर कार्टी हसायला लागली हो! वाघ म्हणतो, 'आजोबा, ही गप्पांची जागा आहे, कोर्ट नाही.' आणि तो अभ्रा... तो अभ्रा लिहितो, 'माझा फ्रिज घरघर करतो. खमक्याकाका, फ्रिजचं म्हणणं घेऊ का?' त्याच्याखाली दात काढणारे पिवळे चेहरे, एक नाही, दोन नाही, स्क्रीन भरून! माझं डोकं असं सणकलं म्हणता...

आणि नेमका तेव्हाच आला तो प्रश्न. 'किटलेले कान' नावाच्या कुणी बाईंचा. 'आमच्या घरातला माणूस दिवसभर बोलतो, ऐकत काहीच नाही. बहिणीचं पडदे शिवायचं दुकान आहे, ती मदतीला बोलावतेय. जाऊ का?'

म्हटलं, थांबा लेको, दाखवतोच तुम्हाला लिहिणं काय असतं ते! आणि दिले ठोकून दोन परिच्छेद. 'जा. आजच जा. असल्या माणसाला स्वतःच्या आवाजाची नशा असते. आपण गेलात हे त्याला कळायलाही वेळ लागेल. आजवर का थांबलात? खुलासा करावा.'

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! बदाम काय, अंगठे काय! अभ्रासुद्धा म्हणाला, 'काका, मानलं तुम्हाला.' तुम्हाला सांगतो, पहिल्या पानावर नाव छापून आलं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. एकच गोष्ट राहून गेली... काय म्हणून काय विचारता? तीच! दुसऱ्या बाजूचं म्हणणं!

उठलो, हॉलमध्ये गेलो बायकोला सांगायला. सगळं रंगवून सांगितलं, टाळ्यांसकट. ती शांतपणे बॅगेची चेन लावत होती. चेन अडकली तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं.

'कुठे निघालीस?'

'बहिणीकडे. दुकानात मदतीला.'

'अशी अचानक?'

'अचानक? अहो, तीनदा विचारलं तुम्हाला. तुम्ही पेपरामागून "हं" म्हणालात. त्या मंचावर विचारलं, तर दोन परिच्छेद लिहिलेत. आणि किती मुद्देसूद!'

भाचीनं मामीलाही तिथेच बसवलं होतं हो!

'पण... खमक्या म्हणजे मी, हे तुला कुणी सांगितलं?'

'"खुलासा करावा" असं जगात दुसरं कोण लिहितं? लग्न ठरल्यावर मला पहिलं पत्र पाठवलंत, त्याच्याही शेवटी तेच होतं.'

'अगं, पण मी ते त्या माणसाबद्दल लिहिलं!'

'मीही त्याच माणसाबद्दल विचारलं होतं.'

'आणि माझी बाजू?'

'तुमची बाजू मी लग्न झाल्यापासून ऐकतेय,' म्हणाली, आणि गेली टॅक्सीत बसून!

घर असं गप्प झालं म्हणता... जेवताना सरकारवर बोललो, कुणी 'बरं' म्हणेना. पाण्याच्या टंचाईवर बोललो, कुणी 'घ्या, भाजी गार होतेय' म्हणेना. आमचासुद्धा फ्रिज घरघर करतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं!

शेवटी न राहवून मंचावरच लिहिलं. चांगलं सविस्तर. 'पत्नी न ऐकता निघून गेली. माझ्यावर अन्याय झाला आहे. ती परत कधी येईल?' म्हटलं, आता माझ्या वाट्याला तरी 'अरेरे' येईल... वाघ लिहितो, 'दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतलं का?' अभ्रा लिहितो, 'दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेतलं का?' तो मोजेवालासुद्धा तेच! आणि सगळ्यांच्या खाली, 'किटलेले कान' यांच्याकडून दोनच शब्द. 'खुलासा करावा.'

काय करता? लावला फोन. म्हटलं, 'तुझं म्हणणं काय आहे?'

तिनं आधी विचारलं, 'पेपर खाली ठेवलात?'

'ठेवला.'

'मग ऐका.'

आणि सुरू झाली! चहा गार झाला, ती बोलतेय. शिलाई मशीनचा आवाज येतोय, ती बोलतेय. मी मध्ये काही म्हणायला गेलो, तर, 'मध्ये बोलायचं नाही, टिपून घ्यायचं!' आणि मी, ज्यानं महापौरांना घाम फोडला, तो मी, कानाला फोन लावून 'हं' म्हणत बसलोय! हळूच विचारलं, 'परत कधी येतेस?' म्हणाली, 'म्हणणं संपलं की येते.'

रोज फोन येतो. रोज टिपून घेतो. आणि तुम्हाला सांगतो... थांबा, वाजतोय, तिचाच असणार... अजून आमच्या लग्नाचं पहिलंच वर्ष चालू आहे.