फेस न येणारा साबण

नायजेरियातल्या इबादानच्या त्या विद्यापीठात स्वतः बनवलेला पातळ साबण दाखवल्याशिवाय कुणालाच पदवी मिळत नसे, अगदी कायदा शिकणाऱ्यालाही. उद्योजकतेच्या सरांच्या दारापासून रांग जिन्यापर्यंत आली होती. जिन्याखाली फरशी पुसणाऱ्या मोरेनिकेमावशीचे कान रांगेतल्या शेवटच्या दोघांकडे होते.

“दमोला, बाटलीत काय आणलंस? पाणी?”

“साबण आहे गं. जरा लाजतोय.”

“फेस कुठाय?”

“काल आला होता. शेजाऱ्यांनी पाहिलाय.”

“आणि बाटलीवर तुझा सुटातला फोटो कशाला?”

“मी संस्थापक आहे, येतुंदे.”

“कोण घेणार हा? अख्खी बॅच साबणच विकतेय.”

“तू माझा घे, मी तुझा घेतो. झाला की बाजार!”

“सर स्वतः हात धुऊन बघतात. फेस नाही आला तर पुढच्या वर्षी परत यायचं.”

“अगं, पदवीदानासाठी आईनं अठरा मावश्यांना एकाच रंगाचं कापड वाटलंय! शिवूनही झालंय!”

“कुठला रंग?”

“हिरवा.”

मावशीनं फडकं पिळून ठेवलं आणि जिन्याखालचं कपाट उघडलं. आत बाटल्याच बाटल्या.

“मावशी, हे काय?”

“तपासून झालं की सर मला फेकायला देतात. हा हिरवा घे, बाळा, कापडालाही शोभेल. गेल्या वर्षी याला पैकीच्या पैकी पडलेत.”

“देवासारख्या भेटलात, मावशी!”

“असू दे, असू दे. आणि संस्थापकसाहेब, फोटो चिकटवायचे पैसे वेगळे पडतील.”